चाळीस अंगणांची माती

काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा गाव आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला तिथल्या महामार्गावर सीआरपीएफच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि ४० जवान गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघं होते. बरोबर एका वर्षाने लेथपोऱ्याच्याच तळावर त्यांचं स्मारक झालं. चाळीस जणांची नावं, चित्रं आणि दलाचं ब्रीद, ‘सेवा आणि निष्ठा’. त्यासाठी उमेश गोपीनाथ जाधव या गृहस्थांनी देशभर गाडीने हिंडून या जवानांच्या घरची माती गोळा केली.

दशलक्षण पर्व संपलं की आपण क्षमावाणीला हात जोडतो, कोणाशी वैर नाही म्हणतो. मग असं स्मारक उभारणं म्हणजे वैर जपून ठेवणं झालं का?

मला तसं वाटत नाही. प्रतिक्रमणात आपण काय करतो? घडलेलं एकेक आठवतो. आठवल्याशिवाय क्षमा मागता येत नाही, देताही येत नाही. विसरून जाणं ही क्षमा नव्हेच. आणि क्षमा केली म्हणून गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा होऊ नये, असंही कोणी सांगितलेलं नाही.

संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले. रक्षणासाठी नाइलाजाने होते ती विरोधी. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. सीमेवरचा जवान म्हणूनच आपल्या धर्माबाहेरचा नाही. ठरवून दुखावणं ही संकल्पी. ती मात्र श्रावकाने सोडायचीच.

पण पुलवामानंतर काय झालं, बघा. डेहराडूनमध्ये काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, यवतमाळला काहींना मारहाण झाली. शिकायला आलेली पोरं ती! त्यांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं? ही सरळसरळ संकल्पी हिंसा, आणि तीही गेलेल्या जवानांचं नाव घेऊन. याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्या बेळगाव भागात जुने वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर देवाची पूजा. लढाई लपवलेली नाही, पण बघणाऱ्याची नजर तिथेच अडकून राहू नये, अशी ती मांडणी आहे. सल्लेखना घेतलेल्यांच्या निषिधीही याच मातीत आहेत. मरण कसं आठवावं, हे आपल्या पूर्वजांना चांगलं कळत होतं.

दर १४ फेब्रुवारीला फोनवर संदेश येतात. ज्यात जवानांची नावं असतील तो सावकाश वाचावा, घरातल्या मुलांनाही वाचून दाखवावा. ज्यात कोणाच्या तरी जातीधर्मावर सूड उगवायची भाषा असेल, तो पुढे पाठवू नये. ती चाळीस अंगणांची माती कोणी सूडासाठी दिलेली नव्हती.