पाषाण वळवावा, पण कोणाच्या शेतांत?

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. फार प्राचीन काळीं आकाशांतून एक पाषाण तेथें आदळला व सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा पडला. असे पाषाण, ज्यांस लघुग्रह म्हणतात, आजहि सूर्याभोंवतीं फिरत आहेत. तेव्हां पृथ्वीकडे येणारा पाषाण मनुष्यानें वाटेंतच वळवावा काय?

वळवितां येतो, हें तर दिसून आलें आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें ‘डार्ट’ नांवाचें यान, सेकंदास सुमारें ६ किलोमीटर वेगानें, डायमॉर्फॉस ह्या सुमारें १६० मीटरांच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविलें. आपल्या मोठ्या सोबत्याभोंवतीं त्याची जी फेरी ११ तास ५५ मिनिटांत होत असे, ती सुमारें ३३ मिनिटांनीं कमी झाली. त्याजपासून पृथ्वीस भय नव्हतें. ती केवळ परीक्षा होती. पुष्कळ वर्षें आधीं दिलेला लहानसा धक्काहि पुरतो, कारण वाट लांब असली म्हणजे अल्प फरक वाढत जातो.

कोणी म्हणतील, आकाशांतून येणारें संकट थोपविणें हा उद्धटपणा होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. पुराचें पाणी घरांत शिरूं नये म्हणून चर खणणारास कोणी उद्धट म्हणत नाहीं. खरा प्रश्न हा कीं, चरांतलें पाणी कोणाच्या शेतांत जातें?

फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह २०३२ सालीं पृथ्वीवर आदळण्याचा संभव शेंकडा ३ पर्यंत गणला गेला. आदळलाच तर तो ज्या लांब पट्ट्यांत कोठें तरी पडता, तो पट्टा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागावरून आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून आपल्या बाजूस येत होता. अधिक वेध घेतल्यावर तें भय टळलें. पण टळलें नसतें तर? धक्का दिल्यानें आघाताची जागा अशा पट्ट्यावरून सरकत जाते, व धक्का पुरेसा बसला तरच ती पृथ्वीबाहेर पडते. अपुरा बसला तर एका देशावरचा घाला दुसऱ्याच्या माथीं येतो. पाषाण आपोआप पडला तर दोष कोणाचाच नाहीं. मनुष्याच्या हातानें सरकून पडला तर?

ह्यास्तव हात आंखडावा काय? मुळींच नाहीं. सामर्थ्य असून पाहत बसणें हेंहि एक कृत्यच आहे. २०१४ पासून अशा मसलतीसाठीं अंतराळसंस्थांचें एक मंडळ भरत असतें. परंतु ज्या गरीब देशास अशी संस्थाच नाहीं, त्याचा शब्द तेथें कोण मांडणार? ज्याचें गांव त्या पट्ट्यांत येतें, त्याचें म्हणणें आधीं ऐकिलें पाहिजे. पाणी सोडण्यापूर्वीं खालच्या शेतकऱ्यास हांक मारावी, हा नियम आकाशासहि लागू आहे.