अंकुश आणि गूळ

आपल्या बडा गणपतीची सुमारे २५ फूट उंच मूर्ती घडविताना विटाचुन्यात गूळ व मेथीही मिसळली होती, असे सांगतात. मुलांच्या घडणीतही कठोरतेबरोबर हा सांधणारा गोडवा हवा.

द्वारी उभ्या बालगणेशाचा अपराध कोणता? मातेची आज्ञा पाळली, एवढाच. क्रोधाने उगारलेल्या त्रिशूलाने शिर उडाले आणि साक्षात् महादेवांस ती चूक निस्तरावी लागली. मस्तक पुन्हा जोडण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. आपल्या छडीपाशी ते नाही. भर वर्गात अपमानित झालेले बालमन कोण सांधणार?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. तरीही ‘दोन ठेवून द्या, गुरुजी’ असे सांगणारे पालक आम्हीच! अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरीत. त्या कृतीनेच मुले वरमत.

गणरायाच्या हाती अंकुश आहे, तसा मोदकही आहे. शिस्त सोडावी, असे आम्ही म्हणत नाही. दंडापूर्वी ‘का रे बाळ, असे का केलेस?’ एवढे विचारण्याची सद्बुद्धी श्रीगजानन आम्हां सर्वांस देवो.