कुंकुमपत्रिकेचे मोल

विवाह हा संस्कार होय आणि कुंकुमपत्रिका ही आप्तेष्टांच्या आशीर्वादाची याचना. जयपुरात पहिली पत्रिका मोती डुंगरीच्या गणपतीच्या चरणी ठेवण्याची प्रथा आहे. त्या विघ्नहर्त्याला सोनेरी वेलबुट्टीची अपेक्षा नसते. मग ती कोणासाठी?

जयपूरजवळच्या सांगानेर येथे कागजी घराणी पिढ्यान्‌पिढ्या सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करीत आली आहेत. पत्रिकेसाठी तो घेऊन कारागिराला योग्य मोल देणे हा अपव्यय नव्हे. दोष कागदात नसतो, हेतूत असतो. धनिकाला मेव्याच्या पेटीसह पत्रिका आणि गरीब आत्याला साधा कागद, असा भेद केला की आमंत्रणाचे प्रदर्शन होते. दंभासाठी केलेल्या यज्ञाला गीतेच्या १७ व्या अध्यायात राजस म्हटले आहे. विवाहासही तोच न्याय लागू पडतो.

म्हणून गृहस्थाने ऋण न काढता झेपेल एवढी रक्कम प्रथम ठरवावी, मग आप्तांची यादी करावी आणि त्या रकमेत सर्वांना सारखा देता येईल तोच कागद निवडावा. कागद भारी हवा म्हणून नावे गाळू नयेत. पत्रिका चार दिवसांत अडगळीत जाते. गाळलेल्या आप्ताच्या मनातील शल्य मात्र राहते.