न विकणारा मालक

स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवणाऱ्या कंपन्या मुलाखतीत उमेदवाराच्या हाती एक केस स्टडी देतात. ही जागा, हे भाडे, हा खर्च. दोन तासांत सांगा, घ्यायची की सोडायची आणि घ्यायची तर कितीला. धाराशिव जिल्ह्यातून अशा नोकरीकडे वळणाऱ्या मुलामुलींनी सरावासाठी मुंबई-पुण्याचे टॉवर बाजूला ठेवून तुळजापूर घ्यावे, असे मला वाटते. तिथे हिशेब शिकता येतो आणि हिशेब कुठे थांबतो तेही कळते. ज्याची किंमत काढता येत नाही, त्याला मोल नसते का, हा जुना प्रश्न तिथे थेट सातबाऱ्यावर येऊन उभा राहतो.

तुळजापुरातल्या देवीच्या मंदिराजवळच्या एका लॉजचे निव्वळ उत्पन्न समजा वर्षाला २० लाख आहे. खरेदीदाराला दहा टक्के परतावा हवा असेल तर किंमत दोन कोटी होते, आठ टक्क्यांवर तो समाधानी असेल तर अडीच कोटी. दोन टक्क्यांच्या अंदाजावर पन्नास लाख हलतात, म्हणून परताव्याचा दर कुठून आणला हे सांगता आले पाहिजे. त्याहून मोठी चूक खोल्या किती भरतात त्या रकान्यात होते. शारदीय नवरात्र २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला बसले, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करणाऱ्याला धंदा बसल्यासारखा दिसेल. प्रत्यक्षात फक्त तिथी सरकलेली असते. इथला धंदा पंचांगावर चालतो. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आश्विनातले शारदीय आणि पौषातले शाकंभरी नवरात्र, हेच त्याचे हंगाम. म्हणजे लॉजचे सगळे उत्पन्न ज्या गोष्टीवर उभे आहे, ती लॉजच्या ताळेबंदात कुठेच नाही.

आता शेजारची देवस्थान इनामाची, म्हणजे देवाच्या नावे दिलेली, जमीन घ्या. आपल्या कायद्यात देवता ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, मालकाच्या रकान्यात नाव देवतेचेच लागेल, पुजारी हा फक्त व्यवस्थापक. हा मालक कर्जात बुडत नाही, मुलीच्या लग्नासाठी जमीन काढत नाही, वारसांत वाटण्या करत नाही. तो विकायला बसलेलाच नाही. बाजारभाव म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात ठरलेला आकडा. इथे विकणाराच नाही, तर भाव कुठून यावा? मग कोणी किमतीच्या रकान्यात शून्य लिहितो, कोणी शेजारच्या प्लॉटचा दर चिकटवतो. दोन्ही चूक. भाव नाही याचा अर्थ मोल शून्य असा होत नाही. उलट आसपासचे सगळे भाव त्या न विकणाऱ्या मालकाच्या आधाराने उभे आहेत.

यावर कोणी म्हणेल, सरकार रस्त्या-रेल्वेसाठी देवाचीही जमीन घेते आणि मोबदला देते, तेव्हा किंमत निघतेच की. निघते, पण तो कायदा नीट वाचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर पंधरा टक्के दिलासा रक्कम होती. १९८४ मध्ये ती तीस टक्के झाली आणि २०१३ च्या कायद्याने शंभर टक्के केली. बाजारभाव पुरा असता तर वर दिलासा कशाला? भाव दिल्यावरही काहीतरी मागे उरते, हे कायद्यानेच कबूल केले आहे आणि उरलेल्याचे माप त्यालाही नेमके सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देवाच्या नावाखाली जमीन गोठवली की पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्याला धड कर्ज मिळत नाही, आणि वजनदार माणसे मात्र तिच्यावर गुपचूप ताबा मिळवतात. हे खरे आहे, आणि मंदिराच्या मोठेपणाने ते झाकू नये. कसणाऱ्याला हक्क मिळालाच पाहिजे. पण तो हक्क देताना भरून घ्यायचा जो नजराणा सरकार ठरवते, तो बाजारात सापडलेला आकडा नव्हे, माणसांनी घेतलेला निर्णय आहे. निर्णयाला न्याय-अन्यायाचा जाब विचारता येतो. त्यालाच मूल्यांकन म्हटले की जाब विचारण्याची सोयच जाते.

उरला व्यवहारी आक्षेप: मुलाखत घेणाऱ्याला आकडा हवा असतो, तत्त्वज्ञान नको. त्याला तेर दाखवावे. याच जिल्ह्यातले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात दख्खनची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचे नाव येते. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. तेव्हाच्या कुणा सराफाने तगरमधल्या दुकानाचा भाव काढला असता, तर पेठ कायम राहील असेच धरले असते. ती पेठ गेली, तिचे मणी आणि मृण्मूर्ती संग्रहालयात आल्या. तेरला लोक आजही जातात ते गोरोबाकाकांच्या समाधीला, एका कुंभाराच्या नावाने. भविष्यातला भाव धरताना कोणती गोष्ट टिकेल हे ओळखावे लागते. ते तत्त्वज्ञान असले तरी गुंतवणूकदाराचे कामही तेच आहे.

म्हणून तयारी करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: लॉजचा आकडा चोख काढा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही लिहा. देवस्थानच्या जमिनीपुढचा रकाना मात्र मोकळा ठेवा आणि तो का मोकळा ठेवला, हे खाली दोन ओळींत लिहा.