दर नसलेलं मेनूकार्ड

न्यू जर्सी राज्यातल्या रेड बँक या गावात, मॉन्मथ स्ट्रीटवर, एके काळी मोटारींच्या डागडुजीचं गॅरेज होतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्या जागी एक रेस्टॉरंट सुरू झालं. मेनूकार्डावर सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड असं रीतसर जेवण लिहिलेलं असतं. दर मात्र कुठंच लिहिलेला नसतो. परवडत असेल त्यानं सुचवलेली रक्कम द्यावी. सुरुवातीला ती दहा डॉलर होती, पुढे वीस झाली. जास्त दिलेत तर आणखी कुणाचं तरी जेवण त्यातून निघतं. ज्याच्या खिशात काहीच नाही त्यानं तासभर हात लावावा: भांडी घासावीत, टेबलं लावावीत, बागेत खुरपावं. जेवायला मात्र सगळे एकाच दालनात, पुष्कळदा एकाच टेबलावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसतात. पैसे देऊन कोण जेवतंय आणि भांडी घासून कोण, हे शेजाऱ्याला कळू नये अशी सगळी मांडणी.

या जागेचं नाव जेबीजे सोल किचन. पहिली तीन अक्षरं जॉन बॉन जोवीची.

ऐंशीच्या दशकात कॅसेटी जमवणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला हा माणूस लांब केसांचा रॉक गायक म्हणून आठवतो. १९८६ च्या ‘स्लिपरी व्हेन वेट’ या अल्बमनं त्याचा बँड जगभर गेला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’, एका जोडप्याबद्दल आहे: तो गोदीत कामाला, पण संप चालू, ती एका डायनरमध्ये दिवसभर राबून घर चालवणारी. बॉन जोवी स्वतः न्यू जर्सीतल्याच सेअरव्हिलचा, वडील केशकर्तनाचं काम करायचे. गाण्यातली ती दोघं त्यानं दुरून पाहिलेली नव्हती. रॉकचे जाणकार या गाण्याला फार किंमत देत नाहीत. मला ते अन्याय्य वाटतं, पण तो वेगळा विषय.

वलयांकित माणसानं दानधर्म करणं नवं नाही. मला इथं लिहावंसं वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. कलावंताकडे पैशाहून मोठं भांडवल असतं, त्याचं नाव. ते अन्नाच्या धंद्यात गुंतवता येतं, अन्नदानातही गुंतवता येतं. दोन्हीकडे ते वेगळ्या रीतीनं वापरावं लागतं, आणि ती रीत फार थोड्यांना साधते.

आधी धंद्याची बाजू. आशा भोसले यांच्या नावाचं रेस्टॉरंट २००२ साली दुबईत उघडलं आणि पुढे ‘आशाज्’च्या शाखा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम-मँचेस्टरपर्यंत गेल्या. त्यात परोपकाराचा आव नाही, आणि तेच मला आवडतं. स्वयंपाकाची खरीखुरी हौस, ओळखीचं नाव, चांगलं जेवण, त्याचं बिल. ब्रिटिश बँड ब्लरचा अॅलेक्स जेम्स बास गिटार वाजवता वाजवता शेतकरी झाला आणि चीज करू लागला, तेही सरळ.

लिव्हाय रूट्सचं प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. जमैकात जन्मलेला, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात वाढलेला हा रेगे गायक. तरुणपणी तुरुंगवासही भोगलेला. नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये तो जर्क चिकन विकायचा आणि त्याबरोबरचा तिखट सॉस लोकांना आवडायचा. फेब्रुवारी २००७ मध्ये बीबीसीच्या ‘ड्रॅगन्स डेन’ या कार्यक्रमात तो गिटार घेऊनच आला, सॉसवरचं गाणं म्हणाला आणि दोन गुंतवणूकदारांकडून ५०,००० पौंड घेऊन गेला, चाळीस टक्के वाटा देऊन. आकड्यांत त्यानं भलताच घोळ घातला होता. अडीच हजार किलोची मागणी त्यानं अडीच दशलक्ष लिटर म्हणून सांगितली. तरी पैसे मिळाले. लवकरच त्याच्या बाटल्या सेन्सबरीज या सुपरमार्केट-साखळीच्या फळ्यांवर दिसू लागल्या. त्या बाटलीबरोबर एक गोष्टही विकली जात होती: ही पाककृती जमैकातल्या आजीची. २०११ मध्ये एका जुन्या परिचितानं पाककृती आपली असल्याचा दावा लावला. तो दावा फेटाळला गेला. पण सुनावणीत रूट्सला कबूल करावं लागलं की आजीची गोष्ट ही विक्रीसाठी रचलेली होती. सॉसचा खप काही त्यानं बंद पडला नाही.

गायकाचा व्यवसायच असा की तो स्वरात बांधून जे सांगतो ते लोक खरं मानायला उत्सुक असतात. बाजारात ही ताकद नफा देते, आणि गिऱ्हाइकाला हा खेळ अर्धाअधिक ठाऊक असतो. दानात तीच ताकद घात करते. कारण तिथं गोष्टीतलं दुसरं पात्र एक उपाशी माणूस असतो, आणि त्याला पात्र व्हायचंय की नाही हे कुणी विचारलेलं नसतं.

संगीतकारांच्या दानाचा रूढ साचा म्हणजे मदतीची मैफल. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी कार्यक्रम केला, तिथून हा साचा रुजला. हेतू निर्मळ, कलावंत एकाहून एक. पण आधी रीतसर धर्मादाय संस्थेच्या नावानं व्यवस्था केलेली नव्हती, त्यामुळे रेकॉर्ड आणि चित्रपटातून आलेला बराच पैसा अमेरिकी करखात्याच्या तिढ्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. मैफल एका दिवसाची असते, भूक रोजची. एका संध्याकाळी गोळा झालेला पैसा रोजच्या ताटापर्यंत नेण्यासाठी जे लागतं ते संगीतकाराच्या अंगी सहसा नसतं: वह्या, परवाने, शीतगृह, सकाळी सहाला येणारा आचारी.

बॉन जोवी त्या दिशेनं टप्प्याटप्प्यानं गेला. फिलाडेल्फियात एका थंडीच्या रात्री हॉटेलच्या खिडकीतून त्याला रस्त्यावर झोपलेला माणूस दिसला आणि तिथून सुरुवात झाली, असं तो सांगतो. ही खास गायकी गोष्ट आहे, हे मान्य. पण पुढचं काम गोष्टीवर थांबलं नाही. २००६ मध्ये संस्था काढली, आणि त्या शहरात बेघरांसाठी आधीपासून काम करणाऱ्यांना हाताशी धरून घरं उभी केली. २०१४ मध्ये तिथं उघडलेल्या इमारतीत ५५ घरं आहेत. मधल्या काळात, २०११ मध्ये, पत्नी डोरोथिया यांच्या पुढाकारानं रेड बँकचं किचन. दुसरं किचन न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडच्या टॉम्स रिव्हरमध्ये २०१६ साली सुरू झालं. २०१२ च्या सँडी वादळानं तो किनारा उद्ध्वस्त केला होता. तिथं एकाच छपराखाली अन्नपेढीही आहे. तिसरं २०२० च्या जानेवारीत रटगर्स विद्यापीठाच्या नेवार्क आवारात निघालं. अमेरिकेत विद्यार्थीही उपाशी राहतात, हे आपल्याकडे कर्ज काढून मुलं पाठवणाऱ्या पालकांना पटकन पटत नाही.

२०१९ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या राजकीय भांडणापायी केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं, पगार थांबले होते, तेव्हा या किचननं सरकारी कर्मचाऱ्यांना जेवू घातलं. सुस्थितीतल्या माणसाला पंधरा दिवसांत रांगेत उभं राहावं लागू शकतं, याचा तो जाहीर धडाच होता. मार्च २०२० मध्ये महासाथ आली, स्वयंसेवकांना बोलावता येईना, तेव्हा मालक स्वतः भांडी घासायला उभा राहिला. त्याचा फोटो जगभर फिरला. फोटो काढला गेला याबद्दल नाक मुरडणारे होतेच. मी त्यांच्यातला नाही. भांडी तरी घासली गेली.

दर न लावता जेवण ही कल्पना मात्र त्यांची नव्हे. सॉल्ट लेक सिटीत २००३ साली असा कॅफे निघाला होता, २००६ साली डेन्व्हरमध्ये दुसरा. पानेरा या बड्या बेकरी-साखळीनं २०१० पासून ‘पानेरा केअर्स’ नावानं पाच शहरांत हा प्रयोग केला. तो टिकला नाही. एकेक दुकान बंद होत गेलं, शेवटचं बोस्टनमधलं २०१९ च्या फेब्रुवारीत. माझ्या मते त्याचं कारण समोरच होतं. आतली सजावट, पदार्थ, गल्ला, सगळं नेहमीच्या पानेरासारखं. गिऱ्हाइकाला वाटे, एवढी मोठी कंपनी आहे, मी का जास्त देऊ? आणि गरजू माणसाला पैसे न देता गल्ल्यावरून पुढे जाताना सगळ्यांच्या नजरा पाठीवर जाणवत. काउंटरवरचं दान फार उघडं पडतं.

रेड बँकमध्ये नाव कामाला येतं ते इथं. बॉन जोवीचे चाहते लांबून गाडी हाकत येतात, कदाचित तो दिसेल या आशेनं. बहुतेक वेळा तो दिसत नाही. जेवण होतं, आणि वीसऐवजी पन्नास ठेवून ते जातात. म्हणजे पाटीवरची तीन अक्षरं पैसेवाल्यांना दारापर्यंत आणतात. आत आल्यावर नाव संपतं. वाढणारे स्वयंसेवक सगळ्यांना सारखंच वाढतात. बॉन जोवीच्याच मैफलीत पहिल्या रांगेचं आणि शेवटच्या रांगेचं तिकीट यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तोच माणूस आपल्या किचनमध्ये रांगाच ठेवत नाही. हा विरोधाभास त्याला छळत असेल असं वाटत नाही. छळूही नये, कारण एकातून दुसरं चालतं. मुलाबरोबर त्यानं २०१८ पासून रोझे वाइनचाही धंदा मांडला आहे, तो तर सरळ नफ्यासाठी. धंदा तो धंदा आणि किचन ते किचन, ही फारकत त्याला साधली आहे.

कामाच्या मोबदल्यात जेवण ही अट काहींना कठोर वाटते. भुकेल्याकडून भांडी कसली घासून घेता? पण आपल्याकडे गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच केलं. गावात शिरले की आधी खराटा हातात, गाव झाडून झालं की मग भाकरी. तेही रंगमंचावरचेच, कीर्तनाला हजारोंची गर्दी खेचणारे. त्या कीर्तनांच्या बळावर पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. आपल्या सरकारी योजना दुसऱ्या टोकाला असतात. १९९५ नंतरचा एक रुपयाचा झुणका-भाकर, २०२० च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दहा रुपये हातावर ठेवून जेवणारा माणूस फुकट खात नसतो, हे त्या योजनेतलं शहाणपण मोठं आहे. पण तिथं फक्त गरजूच जेवतात. ज्याच्याकडे पन्नास आहेत तो त्या रांगेत येत नाही, शेजारी बसून बोलत नाही. आणि आपल्या देवस्थानांच्या अन्नछत्रांत सगळे एका पंगतीला बसतात, पण भिंती ‘यांच्या स्मरणार्थ’च्या संगमरवरानं भरलेल्या. देणाऱ्याचं नाव जेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सगळंच गोड आहे असंही नाही. २०२५ मध्ये टॉम्स रिव्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात या किचननं तात्पुरतं केंद्र उघडलं, तेव्हा तिथल्या महापौरांनीच तक्रार केली की यामुळे बेघर माणसं गावात जमतात. उपाशी माणसाला जेवू घालावं, पण आपल्या गल्लीत नको, हे मत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सारखंच आढळतं.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो वजनदार आहे. हॅरी चॅपिन हा लोकप्रिय गायक-गीतकार १९७५ मध्ये एका पाद्री मित्रासह ‘वर्ल्ड हंगर इयर’ ही संस्था काढून बसला. त्याचं म्हणणं होतं, जेवू घाला, पण इतकं पिकवणाऱ्या देशात माणसं उपाशी का, हे विचारायचं सोडू नका. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भुकेच्या प्रश्नावर आयोग नेमला त्यामागे त्याचा रेटा होता, आणि तो स्वतः त्या आयोगावर बसला. १९८१ च्या जुलैत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कार्यक्रमाला जाताना लाँग आयलंडच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या मापानं पाहिलं तर सोल किचन अपुरं आहे. घरभाडं, वैद्यकीय बिलं, तुटपुंजा पगार यांतलं काहीच त्या टेबलावर सुटत नाही. मला चॅपिनचा प्रश्न बरोबर वाटतो. तरी उत्तर मिळेपर्यंत रात्रीचं जेवण कुणीतरी वाढायला हवं, आणि ते खाली मान न घालता खाता यायला हवं. निव्वळ प्रश्न विचारणाऱ्या संस्थांत आणि निव्वळ वाढणाऱ्यांत निवड करायची वेळ आली, तर माझं मत वाढणाऱ्यांना.

न्यू जर्सीत मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि दर उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आईवडील त्याहून जास्त. एडिसनहून रेड बँक गाडीनं तासाभराच्या आत आहे. नायगारा आणि स्वातंत्र्यदेवता पाहून झाली की एक संध्याकाळ तिकडे काढावी. कोणत्या वारी उघडं असतं ते आधी पाहून जावं, शेजारी जो बसेल त्याच्याशी बोलावं, आणि निघताना आपल्या जेवणाबरोबर आणखी एका जेवणाचे पैसे ठेवून यावेत.