उलटलेला रोग आणि उरलेलें आयुष्य

आयुष्य किती दिवसांचें होतें, हें पंचांगावरून सांगतां येतें. तें कसें होतें, हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाहीं. निरोगी माणसास तो टाळतां येतो. गुदाशयाचा कर्करोग एकदां काढल्यावर पुन्हां उलटला, म्हणजे रोग्यास व त्याच्या आप्तेष्टांस तो टाळतां येत नाहीं. म्हणून या रोगाच्या आधारेंच त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. गुदाशयाभोंवतींचें मेदाचें वेष्टण अखंड काढल्यास रोग त्याच जागीं उलटण्याचें प्रमाण पुष्कळ घटतें, हें इंग्लंडांतील शस्त्रवैद्य हील्ड यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें. तथापि कांहीं जणांत तो उलटतोच. मग बैठकींत ठणका लागतो, बसणेंहि कठीण होतें, लघवी तुंबते. अशा वेळीं एक मोठी शस्त्रक्रिया करतां येते. ओटीपोटांत पसरलेल्या कर्करोगासाठीं गुदाशय, मूत्राशय व शेजारचीं इंद्रियें एकदम काढण्याची हकीकत न्यूयॉर्कच्या ब्रुन्श्विग यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केली. त्यांच्या २२ रोग्यांपैकीं ५ शस्त्रक्रियेनेंच दगावले. आज तो धोका फार कमी झाला आहे. रोग समूळ निघाला तर कित्येकांस वर्षें लाभतात. पण मळाची एक व मूत्राची एक अशा दोन पिशव्या पुष्कळदां पोटावर जन्मभर वागवाव्या लागतात. रोग मागें राहिला, तर वेदना तेवढ्या पदरीं पडतात.

हें वाचून कोणी म्हणेल, ‘असें जगण्यापेक्षां मेलेलें बरें!’ परंतु हें मत कोणाचें? जो त्या अवस्थेंत नाहीं त्याचें. रोग्यांनाच विचारावें म्हणून युरोपांतील कर्करोग-संशोधकांनीं ३० प्रश्नांची एक प्रश्नावली १९९३ सालीं प्रसिद्ध केली. वेदना, झोंप, भूक, घरकाम, चिंता या सर्वांविषयीं तींत रोग्याचा स्वतःचा जबाब असतो. अशा चौकशांत असें आढळलें कीं, या शस्त्रक्रियेनंतर जीवनाची प्रत प्रथम खालावते, पण पुष्कळांच्या बाबतींत कांहीं महिन्यांनीं ती पूर्वपदावर येते.

यावर असा आक्षेप येईल कीं, मनुष्य कशालाहि सरावतो. त्याचें समाधान ही आत्मवंचनाच होय. आम्हांस हें पटत नाहीं. तरुणपणीं गड चढण्यांत सुख मानणारा गृहस्थ म्हातारपणीं ओसरीवर नातवंडांत बसून सुखी होतो. त्यास आपण वंचित म्हणत नाहीं. परिस्थितीप्रमाणें माप बदलणें हा जगण्याचाच धर्म आहे. मात्र याच न्यायानें, ‘आतां पुरे, वेदना तेवढ्या शमवा,’ असें म्हणणाऱ्याचा शब्दहि प्रमाण मानला पाहिजे. दुसरे सरावले, म्हणून यानेंहि सरावावें, हा तर्क नव्हे, जुलूम होय.

पण रोग्याचा शब्द प्रमाण मानावयाचा, तर त्यास रोग ठाऊक हवा. आमच्या घरांतून नेमकें हेंच होत नाहीं. वडिलांस ‘सूज आहे’ एवढेंच सांगावयाचें आणि संमति मुलानें द्यावयाची, ही रीत प्रेमापोटींच पडली आहे. तथापि तिच्यामुळें ज्याचें शरीर, त्यासच निर्णयांत स्थान उरत नाहीं. बरा न होणाऱ्या रोग्यास जीव लांबविणारे उपचार नाकारण्याविषयीं आगाऊ लिहून ठेवतां येतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केलें. १९८५ च्या कायद्यानें दुर्मिळ झालेलें मॉर्फीन रोग्यांस सुलभ व्हावें, म्हणून त्यांत २०१४ सालीं दुरुस्ती झाली. कायद्यानें दिलेला आवाज घरानें हिरावून घ्यावा, हें उचित नव्हे.

आणखी एक गोष्ट. पोटावर पिशवी असलेला मनुष्य पंगतीस बसत नाहीं, देवघरांत जात नाहीं, लग्नास येत नाहीं. हें त्याचें दुःख रोगानें दिलेलें नाहीं. तें आमच्या नाक मुरडण्यानें व सोंवळ्याच्या कल्पनेनें दिलेलें आहे. रोग पुन्हां उलटेल कीं नाहीं, हें कोणाच्याच हातीं नाहीं. तोंवर त्याचें पान पंगतींत मांडणें मात्र सर्वस्वी आमच्या हातीं आहे.