न दिसणारा धूर

जो अपाय डोळ्यांना दिसत नाही, ज्याबद्दल कुणी दंडाची पावती फाडणार नाही, त्याचा दोष माणसाला लागतो का? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि वारकऱ्याच्या घरात वाढलो, तरी हा प्रश्न मला कुठल्या कीर्तनात नाही, महामार्गालगतच्या एका गॅरेजात पडला.

मुलगा परदेशी गेला आणि त्याची सात आसनी डिझेल गाडी आमच्या वरवे बुद्रुकच्या अंगणात आली. मी ती नेऊन नेऊन नेणार कुठे? कापूरहोळपर्यंत, नसरापूरच्या बाजाराला, श्रावणात बनेश्वरला. इंजिन नीट तापायच्या आत मुक्काम येतो. मग एका सकाळी पडद्यावर दिवा लागला आणि खाली सूचना आली, की ठरावीक किलोमीटरनंतर गाडी चालू होणार नाही. धूर साफ करणाऱ्या डीईएफ या युरियाच्या द्रावणाची टाकी तर भरलेली होती. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, टाकी भरलीय म्हणूनच गोची आहे. युरिया आत बसून बसून खराब झालाय, इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे धरलेत. तुमचं रनिंगच नाही. मी म्हणतो, ही सिस्टिमच बंद करून टाकू. सॉफ्टवेअर मारलं की कायमची कटकट गेली. पीयूसीत काही कळत नाही."

पीयूसीबद्दल तो बोलला ते खरं आहे. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती काळा आहे एवढंच मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत. आणि हा सगळा खटाटोप आहे तो त्यांच्यासाठीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, तेव्हा डिझेल मोटारीला या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. ती गाठायला बऱ्याच गाड्यांत डीईएफ आलं, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी. गरम धुरात त्याचा फवारा पडला की युरियापासून अमोनिया होतो आणि त्या अमोनियाने विषारी ऑक्साइडं मोडून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. मात्र त्यासाठी धुराचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास तरी जावं लागतं. जवळच्या फेऱ्यांत ते जात नाही, मग युरिया अर्धवट सुकून खडे धरतो. शिवाय हे द्रावण नासतंही. पंचवीस अंशांत दीड वर्ष टिकणारं द्रावण पस्तीस अंशांत सहा महिनेच धड राहतं. आमच्या वैशाखातल्या पत्र्याखाली त्याचं काय होत असेल, हे सांगायला नको.

यंत्राचं कोडं एवढंच. धर्माचं कोडं मात्र इथून सुरू होतं.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेतला हा मांसविक्रेता तपस्वी कौशिकाला सांगतो, की नांगर चालवणाराही मातीतले असंख्य जीव मारतो, चालणाराही मारतो. पूर्ण अहिंसक असा या जगात कुणी नाही, प्रयत्नाने हिंसा कमी मात्र करता येते. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. धर्मशास्त्रातही पंचसूनेचा विचार आहे. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या घरातल्या पाच जागी नकळत जीवहत्या होते, म्हणून गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत. हा विचार मनुस्मृतीत आहे. त्या ग्रंथाचं महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झालं ते योग्यच झालं, असं मानणारा मी आहे. तरीही जगताना होणाऱ्या अपायाची परतफेड रोजच्या रोज करावी, ही जाणीव मला मोलाची वाटते.

मला डीईएफ हे असंच रोजचं प्रायश्चित्त वाटतं. डिझेल जाळलं, तर त्याच क्षणी, त्याच नळीत त्याची भरपाई. ती सोय काढून टाकायची आणि गाडी मात्र चालवत राहायची, याला मी लबाडी म्हणतो. पकडला जाणार नाही म्हणून ती लहान ठरत नाही. फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत अशीच लबाडी केल्याचं २०१५ साली उघड झालं. चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअरला कळे, आणि तेवढ्यापुरती गाडी सोवळी राही. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर त्याच डिसेंबरात कंपनीला भारतातल्याही ३,२३,७०० गाड्या परत बोलवायची घोषणा करावी लागली. आपल्याकडे वेदान्त आणि सांख्य दोघेही साक्षीची गोष्ट करतात. तो साक्षी तपासणीच्या खोलीत जागा आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर झोपलेला, असं होत नाही.

गॅरेजात दुसराही एक मोह समोर आला. शेतीचा युरिया आरओच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचा. त्या युरियाला कडुनिंबाचं आवरण असतं, त्याने यंत्रणेची वाट लागते, ही गोष्ट वेगळीच. पण शेतकऱ्याच्या नावाने सरकार ज्याचा भार सोसतं, ती पंचेचाळीस किलोची गोण मोटारीसाठी फोडणं ही सरळ चोरी आहे.

मला सर्वांत जड गेला तो प्रामाणिक सल्ला. "आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा-पाऊण तास पळवून आणा." धूर साफ करणारं यंत्र चांगलं राहावं म्हणून काम नसताना धूर करायचा? हा तर पंकप्रक्षालन न्याय. चिखलात पाय घालून तो धुवत बसण्यापेक्षा चिखलात न शिरणं बरं. काम नसताना खंबाटकीपर्यंत डिझेल जाळत जायला माझं मन घेईना. आणि न गेलो तर खडे पुन्हा धरणार.

विचार करता करता लक्षात आलं, की बिघाड आणि अधर्म दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे जवळच्या फेऱ्या. नसरापूरला मी एसटीने, वडापने किंवा चालत जाऊ शकतो; गुडघे अजून शाबूत आहेत. गाडी लागावी ती लांबच्या कामाला. म्हणून आता भावकीत आणि आळीत सांगून ठेवलं आहे, की ससूनला पेशंट न्यायचा असेल, पंढरपूरला जायचं असेल, साताऱ्याला सोयरीक बघायला जायचं असेल, तर आपापली गाडी ठरवू नका, ही न्या. पाच-सहा माणसं एका गाडीत बसतात, इंजिन पुरतं तापतं, फवारा आपलं काम करतो. अपरिग्रह म्हणजे वस्तू टाकून देणं असंच नाही, तिच्यावरचा 'माझी'चा हक्क सैल करणं हाही अपरिग्रहच. गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार मी वर्गात शिकवला होता. मला तो अंगणातल्या गाडीला लावता येतो.

डीईएफ आता थोडं आणि ताजंच आणतो, डब्यावरची तारीख आणि आयएसओ २२२४१ हा आकडा बघून. गाडी आंब्याच्या सावलीत लावतो. इंजेक्टर काढून कोमट पाण्याने धुतल्यावर खडे विरघळले, बिल झालं, ते दिलं.

आमचं गाव महामार्गावर आहे. इथली हवा आधीच हजारो गाड्यांची आहे, तिच्यात माझा वाटा नगण्य, असं मला सुनावणारे भेटतात. नायट्रोजन डायऑक्साइडने दम्याच्या मुलाचा श्वास जड होतो, तेव्हा त्यातला कुणाचा वाटा किती हे त्याच्या छातीला कळत नाही. तुमची डिझेल गाडीही महिन्यातले बरेच दिवस उभी असेल, तर ती शेजाऱ्यांना वापरू द्या. नवी घ्यायची असेल आणि रोजचं धावणं कमी असेल, तर डिझेल घेऊ नका. आणि कुणी "सिस्टिम काढून टाकू" म्हणालं, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.